जुना सांगाडा, नवे इंजिन



मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हे चांगले काम आहे, याविषयी दुमत नाही. पण दुरुस्त करताना इतके बदलले की मूळचे थोडेच उरले, तर ती तीच वस्तू राहते काय? आणि ती तीच आहे असे आपण लोकांस सांगावे काय? हे दोन प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. ते एक नाहीत, हे आम्हांला एका जळालेल्या जीपगाडीने शिकविले. त्या शिकवणीत आमची स्वतःची एक चूकही आहे. ती लपविली तर या लेखाला अर्थच राहणार नाही, म्हणून सर्व हकीकत जशी घडली तशी देत आहोत.

वडोदऱ्यात आमच्या मंडळीत एक वयोवृद्ध सभासद आहेत. लहानथोर सारेच त्यांना काका म्हणतात. त्यांच्या अंगणात महिंद्राची १९६८ सालची सीजे-३बी जीप असे. त्यांच्या वडिलांनी ती एका सरकारी लिलावात घेतली होती. वडील औषधांच्या दुकानात नोकरीस होते; पण सुटीच्या दिवशी वाघोडिया, सावली, डभोई या तालुक्यांतल्या खेड्यांतून त्यांची जीप फिरे. अडलेल्या बाळंतिणीला रात्री शहरातल्या इस्पितळात आणावे, पावसाळ्यात रस्ता वाहून गेलेल्या गावी औषध पोचवावे, एखाद्याची शवपेटी त्याच्या गावी न्यावी, ही सारी कामे त्या जीपने केली. वडील गेल्यावर काकांनी ती जपली. आठवड्यातून एकदा ती चालू करावी आणि रविवारी दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना मंदिरात आणून परत पोचवावे, एवढाच तिचा उद्योग उरला होता.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी ती पेटली. पेट्रोलची रबरी नळी वाळून तडकली होती. मिस्त्रीने ती बदलायला सांगितली होती आणि काकांनी ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हटले होते. गळणारे पेट्रोल, जुन्या वायरींची एक ठिणगी, आणि वीस मिनिटांत सारे संपले. कोणाला इजा झाली नाही, ही देवाची दया. काकू पाण्याच्या बादल्या घेऊन धावल्या, तेव्हा शेजाऱ्यांनीच त्यांना मागे ओढले.

आग विझल्यावर जे उरते ते पाहण्यासारखे असते. सगळेच सारखे जळत नाही. कार्बोरेटर हलक्या मिश्रधातूचा असतो, तो वितळून थिजलेल्या मेणासारखा खाली ओघळला होता. वायरी, टायर, गाद्या, लाकूड यांची राख झाली होती. पाट्यांच्या स्प्रिंगा शाबूत दिसत होत्या. पण पोलादाला दिलेले पाणी आगीत उतरते, मग ती स्प्रिंग वजन पेलत नाही, हळूहळू बसते. तापलेल्या बिडाच्या इंजिनावर गार पाणी पडल्यामुळे त्याला आरपार तडा गेला होता. आणि ज्याची सर्वांत अधिक भीती होती ती चॅसी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा? मिस्त्रीने सुतळी धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. मापे जुळली. सांगाडा वाकला नव्हता. त्यावर ठोकलेला चॅसी नंबर काजळी पुसताच स्वच्छ वाचता आला. काका त्या नंबरावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले.

आता पुढे तीन वाटा होत्या. पहिली, भंगारात देणे. दुसरी, होते तसेच पेट्रोल इंजिन कोठून तरी मिळवून गाडी मूळ रूपात उभी करणे. तिसरी, डिझेल इंजिन बसविणे. पहिली वाट काकांनी ऐकूनही घेतली नाही. उरलेल्या दोन वाटांविषयी मात्र त्यांच्या ओसरीवर महिनाभर चर्चा चालली आणि आम्हीही तीत होतो.

मूळ इंजिनाचा पक्ष घेणारे म्हणत, ‘वडिलांची जीप म्हणजे तिचा आवाज. तो गेला तर काय उरले?’ या म्हणण्यात वजन होते. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण या जुन्या जीपमध्ये साधारण सातपट दाबले जाई आणि ठिणगीने पेटविले जाई. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तेथे नुसती हवा वीस पटीच्या आसपास दाबतात. त्या दाबानेच ती इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत १८९७ साली हे यशस्वी करून दाखविले. हा दाब पेलण्यासाठी इंजिन जाड आणि जड करावे लागते. त्याचे हादरे वेगळे, आवाज वेगळा. तेव्हा इंजिन बदलले म्हणजे गाडीचा स्वभावच बदलला, हे खरे.

डिझेलचा पक्ष घेणारे म्हणत, ‘जीप पाहण्यासाठी नव्हती, चालण्यासाठी होती.’ त्यांच्या बाजूने इतिहासही होता. १९७३ साली जगात तेलाच्या किमती भडकल्यावर आपल्याकडे पेट्रोलच्या जीपगाड्या पोसणे कठीण झाले. कित्येकांनी त्यांत डिझेल इंजिने बसवून घेतली. पुढे १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून तिचे डिझेल इंजिन येथे बनविण्याची सोय केली आणि ते महिंद्राच्या जीपगाड्यांत बसू लागले. भंगारात निघालेल्या अशाच एका गाडीचे इंजिन मिस्त्रीच्या नजरेत होते. म्हणजे हे लग्न अगदीच परक्या घरचे नव्हते.

आणखी एक गोष्ट आम्हांला या चर्चेत नव्याने कळली. सीजे-३बी ज्या उंच बॉनेटमुळे दुरून ओळखू येते, ते बॉनेट मुळात उंच नव्हते. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५३ च्या सुमारास आधीच्या जीपमध्ये नवे, अधिक उंच इंजिन बसविले. ते आत मावेना, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. जो चेहरा आपण अस्सल म्हणून जपतो, तोच मुळी इंजिन बदलल्यामुळे आलेला आहे! पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिराचेही असेच. १५ एप्रिल २०१९ रोजी ते पेटले आणि त्याचा मनोरा कोसळताना साऱ्या जगाने पाहिला. तो मनोरा होता तसाच पुन्हा उभारला गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर उपासनेसाठी उघडले. पण कोसळलेला मनोरादेखील मध्ययुगातला नव्हता, एकोणिसाव्या शतकात बांधलेला होता. ‘मूळचे’ म्हणून आपण ज्यावर हात ठेवतो, त्याच्याखाली पुष्कळदा आणखी जुनी एक दुरुस्ती असते.

हा वाद नवा नाही. ग्रीक लेखक प्लूटार्क याने थीसियस नावाच्या वीराच्या गलबताविषयी लिहून ठेविले आहे. अथेन्सच्या लोकांनी ते शतकानुशतके जपले. कुजलेली फळी काढावी, नवी बसवावी, असे करता करता तत्त्वज्ञांत दोन तट पडले. एक म्हणे गलबत तेच, दुसरा म्हणे ते नव्हेच. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडच्या हॉब्ज या विचारवंताने पेच आणखी घट्ट केला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे गलबत जोडले, तर दोहोंपैकी खरे कोणते? दोन हजार वर्षे शहाण्या माणसांना न सुटलेला प्रश्न आमच्या ओसरीवर सुटणार नव्हताच. काकांनी शेवटी डिझेल पसंत केले. ‘मला मंदिराच्या दारापर्यंत माणसे न्यायची आहेत,’ एवढेच ते म्हणाले.

खरी परीक्षा इंजिन बसल्यावर आली.

मिस्त्रीने काम मनापासून केले होते. इंजिन टेकविण्याचे आधार नवे घडविले, क्लच जुळविला, स्प्रिंगा नव्या घातल्या, रेडिएटर मोठा बसविला. आता कागदपत्रांचा प्रश्न उभा राहिला. सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते आणि तिला वेगळ्या मालिकेचा नंबर मिळतो. अशी गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला नेता येते, रोजच्या वापरासाठी नाही. वडोदऱ्यात या गोष्टीचे अप्रूप मोठे आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा भरला होता. तेथे आपल्या वडिलांची जीप कधीतरी उभी राहावी, असे काकांच्या मुलाच्या मनात होते. दुसऱ्या बाजूस, गाडी नेहमीच्या वापरासाठी ठेवायची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. कारखान्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजाविले आहे. म्हणजे परवानगी मागितली तर ती मिळेलच असे नाही.

मिस्त्री हसून म्हणाला, “काका, कशाला एवढी काळजी? जुन्या इंजिनाचा नंबर मी यावर ठोकून देतो. पुस्तकात आहे तोच नंबर. कोण बॉनेट उघडून बघतंय?”

काकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही उपदेशाच्या व्यासपीठावर उभे राहणारे, धर्मशिक्षणाची पदविका घेतलेले. आणि आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, “काका, यात कोणाचे नुकसान तर होत नाही. जीप तुमचीच आहे, सांगाडा तोच आहे. मनाने तर ती तीच जीप आहे ना?”

वाचकहो, हे शब्द आठवले म्हणजे आजही आमची मान खाली जाते. थीसियसच्या गलबताचे सारे तत्त्वज्ञान आम्ही क्षणात एका खोट्या नंबराच्या चाकरीस लावले.

काका काही वेळ बोलले नाहीत. मग मिस्त्रीला म्हणाले, “नको. नळी बदल म्हणून तू सांगितलंस, तेव्हा मी पुढच्या महिन्यावर टाकलं. त्यात ही जळाली. आता हेही झाकलं, तर मग वडिलांच्या जीपचं माझ्याकडे खरं असं काय राहिलं?”

आम्ही घरी आलो, पण ते वाक्य मनातून जाईना. विचार करता करता आम्हांला जे उमगले ते असे. फळ्या बदलतात, इंजिने बदलतात, रंग बदलतो. या सर्वांतून एखादी वस्तू ‘तीच’ राहत असेल, तर ती कशाच्या बळावर? तिच्या अखंड हकीकतीच्या बळावर. अमुक साली लिलावात घेतली, अमुक गावांना गेली, अमुक दिवशी जळाली, अमुक मिस्त्रीने अमुक इंजिन बसविले, अशी एक सलग कहाणी आहे, आणि तिचे प्रत्येक पान कोणालाही उघडून दाखविता येते. तेवढा एकच धागा जुन्या जीपला नव्या जीपशी बांधून ठेवतो. जीप तीच आहे हे दाखविण्यासाठी तो खोटा नंबर ठोकायचा होता. पण त्याच हातोड्याने तो धागा तुटला असता. मग तडा गेलेले इंजिन कधी जळालेच नाही असे झाले असते. वडिलांची जीप नाहीशी होऊन तिच्यासारखी दिसणारी एक बनावट वस्तू अंगणात उभी राहिली असती.

जुन्या इमारती जपणाऱ्या जाणकारांनी हे केव्हाच ओळखले आहे. १९६४ साली व्हेनिस येथे त्यांनी जी सनद केली, तिचे एक तत्त्व असे की नव्याने भरलेला भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण नीट पाहणाऱ्याला तो नवा म्हणून ओळखता यावा. नाहीतर दुरुस्ती ही खोटी साक्ष होते. किती सरळ कसोटी आहे ही! बदल किती झाला याचा हिशेब ती मागत नाही. झालेला बदल खरे बोलतो का, एवढेच विचारते.

आमच्या जवळच याचा एक सुंदर दाखला आहे. डभोई ते मियागाम हा गायकवाडांच्या राज्यातला अरुंद लोहमार्ग १८६२ साली सुरू झाला. भारतातला हा पहिला अरुंद मार्ग. आरंभी त्यावरचे डबे बैल ओढीत! पुढच्याच वर्षी वाफेचे इंजिन आणले, तेव्हा रूळ त्याचा भार पेलीनात. पुन्हा बैल जुंपले गेले. पुढे मजबूत रूळ घातले, तेव्हा कोठे इंजिन टिकले. बैल गेले, रूळ बदलले, तरी कोणी त्याला निराळा मार्ग म्हणत नाही, कारण बैलांची गोष्ट कोणी लपविली नाही. उलट लोक ती अभिमानाने सांगतात. आणि या गोष्टीत दुसराही बोध आहे. नवे सामर्थ्य जुन्यात घालायचे तर खालचे रूळही बळकट करावे लागतात. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा प्रभूचा दाखला आपणांस ठाऊक आहे. काकांच्या मिस्त्रीने आधार, स्प्रिंगा, क्लच सारे नव्या इंजिनास जुळवून घेतले, म्हणून ते ठिगळ झाले नाही.

येथे एक आक्षेप कोणी घेईल, तोही प्रामाणिकपणे नोंदवितो. डिझेलचा धूर निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली तो कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींत गणला आहे. मग सेवेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या नाकात धूर सोडावा काय? काकांनी हा विचार केला होता. आठवड्याला चार-पाच मैल, धुराची तपासणी वेळेवर, आणि एरवी शहरात चालणे किंवा रिक्षा, असे त्यांनी स्वतःला बांधून घेतले. हा पूर्ण उलगडा आहे असे आम्ही म्हणत नाही. पण चांगल्या हेतूचीही किंमत कोणीतरी भरत असते, हे त्यांनी मोजले, एवढे खरे.

आता जीप बाजूस ठेवून माणसांकडे वळू. आपल्या मंडळ्यांत साक्षीच्या सभा होतात. जीवन पालटलेली माणसे उभी राहतात आणि आपण आनंदाने ऐकतो. पण कधी कधी असेही ऐकू येते: ‘मी आता नवा मनुष्य झालो, जुने मला विचारू नका.’ ज्याने ते जुने कर्ज दिले होते, तो शेजारी मागच्या बाकावर बसून हे ऐकत असतो. बंधूंनो, अंतःकरण नवे झाले तरी चॅसीचा नंबर तोच राहतो. जक्कय पालटला, तेव्हा त्याने नाव बदलले नाही, गाव सोडले नाही; ज्यांना लुबाडले होते त्यांच्या चौपट परतफेडीची गोष्ट त्याने स्वतःहून काढली. तोच जक्कय होता म्हणूनच फेडू शकला. नवा असण्याचा पुरावा त्याने जुने खाते उघडून दिला.

याची दुसरी बाजूही विसरू नये. एखादा भाऊ दारू सोडून दहा वर्षे झाली, तरी आपण त्याच्याकडे पाहताना जळालेले इंजिनच पाहतो. ‘मूळचा तो तसाच’ म्हणतो. मूळचे म्हणजे काय, हे उंच बॉनेटने आपल्याला सांगितले आहे. बदल झाकणे हे जसे असत्य, तसे झालेला बदल न मानणे हेही असत्यच.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक सूचना कराविशी वाटते. मुलांना घरातली एखादी दुरुस्त केलेली वस्तू आणायला सांगा. दांडी बदललेली छत्री, डकवलेले पुस्तक, आजीची रफू केलेली शाल. मग प्रत्येकाने सांगावे की यात जुने काय, नवे काय, आणि ते कोणी केले. मुले मोठ्या हौसेने सांगतात. रफू दाखविण्यात लाज नसते, हे त्यांना व्याख्यानावाचून कळते. मोठे झाल्यावर चुकीची कबुली देताना ही एवढी सवयही उपयोगी पडेल.

काकांनी शेवटी काय केले? त्यांनी व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडला. मुलगा चार दिवस रुसला. मग त्यांनी नोंदणी कार्यालयात अर्ज दिला. आग केव्हा लागली, इंजिन कोठून आले, त्याचा खरा नंबर काय, हे सारे लिहिले. आणि परवानगी आधी घ्यायला हवी होती, ती न घेता काम झाले, हेही लिहिले. ते वाक्य गाळावे असे एका ओळखीच्या माणसाने सुचविले होते. त्यांनी गाळले नाही. परवानगी मिळाली नाही तर इंजिन उतरवून ठेवायचे, असे त्यांनी काकूंना सांगून ठेविले आहे. जीपला पुन्हा मूळचा हिरवा रंग दिला आहे. पण गाडी चालविणाऱ्याच्या पायाजवळच्या पत्र्याचा वीतभर तुकडा त्यांनी रंगवू दिला नाही. तेथे आगीचा निळा-काळा डाग तसाच आहे.

हा मजकूर लिहीत आहोत तोवर उत्तर आलेले नाही. रविवारी सकाळी काका अंगणात जीप चालू करतात आणि बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटे तशीच ठेवतात. फाटक बंदच असते. मग ते इंजिन थांबवितात, किल्ली खिशात घालतात आणि काकूंबरोबर मंदिराला पायी निघतात.